दसऱ्यापर्यंत थांबलेलं मशीन

आमच्या घरात नवीन हत्यार खंडेनवमीलाच येतं, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी. वडील मिलमध्ये फिटर होते. त्या दिवशी ते आपली लोखंडी पेटी उघडत. एकेक पाना, कानस, पटाशी तेलाच्या फडक्यानं पुसून पाटावर मांडत आणि हळदकुंकू वाहत. वर्षभरात काही नवीन घ्यायचं ठरलेलं असेल तर ते त्या दिवशी यायचं, आधी पाटावर आणि मग कामाला. पूजेला मांडलेल्या हत्याराला दिवसभर कुणी हात लावायचा नाही. मिल बंद पडली, पुढे वडीलही गेले आणि पेटी माझ्याकडे आली. पेटीबरोबर नियमही आला.

मी एका शाळेच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. निवृत्त झाल्यावर नाहूरच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत कारखाना थाटला. कारखाना हा आईचा शब्द, आणि तो कौतुकानं वापरलेला नाही. एक टेबल, लाकूड आवळून धरायला शेगडा, भिंतीवर खिळ्यांना टांगलेली हत्यारं. स्टुलं, फळ्या, गणपतीचं मखर एवढं मी करते. बिल्डिंगमधल्या बायका मोडक्या खुर्च्या घेऊन येतात आणि चहा पिऊन जातात. घरात आई आणि मी, दोघीच. आई अठ्ठ्याहत्तरची, मूळची मालवणकडची. साठ वर्षं मुंबईत काढली, पण माझ्याशी बोलते मालवणीतच.

हत्यार केव्हा घ्यावं याचे माझे आडाखे आहेत. एखादी वस्तू तीनदा उसनी आणावी लागली की ती विकत घ्यायची. जुन्याला धार लावून भागत असेल तर घ्यायची नाही. दुकानात बघून आल्यावर आठवडाभरानं आठवली नाही तर ती नकोच होती असं समजायचं. ऐकायला हे फार शहाणपणाचं वाटतं. खरं सांगायचं तर मला आणण्यापेक्षा ठरवण्यात जास्त मजा येते. रंधा घेताना मी दोन वर्षं ठरवत होते, आणि ती दोन वर्षं झकास गेली.

गणपती गेले त्या आठवड्यात आई बाथरूममध्ये घसरली. पडली नाही, नळाला धरून सावरली. पण नळ वाकला. दुसऱ्याच दिवशी मी मुलुंडला जाऊन भिंतीला लावायचा स्टीलचा दांडा घेऊन आले. म्हाताऱ्या माणसांना धरायला असतो तसा.

दांडा आला, पण भिंतीत भोक पडेना. माझं जुनं ड्रिल लाकडापुरतं. बाथरूमच्या लादीवर ते नुसतं घसरायचं आणि जळका वास सोडायचं. एक लादी मी ओरबाडून ठेवली. काँक्रीट फोडणारं, ठोके देत फिरणारं मशीन हवं होतं. बिल्डिंगच्या इलेक्ट्रिशियनकडे ते आहे. एक फोन केला असता तर दहा मिनिटांत येऊन तो भोकं पाडून गेला असता. पण फिटरची मुलगी मी, स्वतःचा कारखाना असलेली बाई. माझ्या घरात बाहेरचा माणूस येऊन भोकं पाडणार? माझ्या डोक्यात ही हवा होती, आणि ती आज मी कबूल करते.

तेव्हा मशीन घ्यायचं नक्की झालं. मी पर्स उचलली तर आई म्हणाली, "खंय चललंस? म्हाळ लागतत उद्यापासून. म्हाळात नवीन लोखंड घरात हाडतत काय?"

म्हाळ म्हणजे पितृपक्ष. मी म्हटलं, "आई, तू पडशील ना गं. पितर काय रागावणार आहेत?"

"आजपातूर पडलंय काय? पंधरा दिवसांत काय जाता? आणि मगे दसरो आसाच. तुझ्या बापाशीन कधी म्हाळात खिळो तरी हाडल्यान काय?"

एरवी तिचे असले विधिनिषेध मी उडवून लावते. शनिवारी तेल आणते, अमावास्येला केस कापते. या वेळी मात्र मी पर्स खाली ठेवली. खंडेनवमीला नवंकोरं मशीन पाटावर मांडलेलं माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मला ते चित्र आवडलं. शिवाय कुठलं मशीन घ्यायचं हे बघायला पंधरा दिवस मिळत होते.

मी मुलुंडच्या दुकानात जाऊन मशीनं हाताळायला लागले. वजन बघायचं, मूठ बघायची, वायर किती लांब ते बघायचं. दुकानदार वैतागून म्हणाला, "काकू, हेच घेणार आहात ना? मग आजच घेऊन जा. कशाला रोज हेलपाटे घालता?" मी म्हटलं, "दसऱ्याला." त्यानं हात जोडले. दांडा दरम्यान वर्तमानपत्रात गुंडाळून बाल्कनीत पडून होता. आई आंघोळीला गेली की मी बाहेरून विचारायची, "बरी आहेस ना?" आणि ती आतून ओरडायची, "मेलंय नाय अजून!"

पितृपक्ष संपला, घट बसले. आता आडकाठी काहीच नव्हती. आईनं विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मनाशी म्हटलं, आता आठच तर दिवस.

सातव्या माळेला सकाळी बाथरूममधून धप्पकन आवाज आला. मग बादली कलंडल्याचा आवाज, आणि मग काहीच नाही. दाराला आतून कडी. मी हाका मारल्या, धडका मारल्या. शेवटी वडिलांची रुंद पटाशी आणली, फटीत घातली आणि कडी उचकटली. आई भिंतीला टेकून बसली होती, शुद्धीवर. उजवा हात मनगटातून भलतीकडेच वळलेला. मला म्हणाली, "आधी माका लुगडा दी."

हॉस्पिटलात हाताला प्लॅस्टर घातलं. डोक्याला मार नाही ना ते बघायला एक रात्र ठेवून घेतलं. शेजारीण तिच्याजवळ बसली आणि मी तडक मुलुंडला गेले. दुकानदारानं माझं तोंड बघून मशीन गुंडाळून दिलं.

दुसऱ्या दिवशी, आई घरी यायच्या आत, मी दांडा लावला. चार भोकं. मशीननं लादी अशी पार केली की हाताला नीट कळलंसुद्धा नाही. सगळं मिळून वीस मिनिटं. चकचकीत दांडा भिंतीवर बसला आणि मी बाथरूममध्ये उभी राहून रडले. वीस मिनिटांच्या कामासाठी मी तीन आठवडे दुकानात मशीनं हाताळत बसले होते, आणि हात आईचा मोडला होता.

दुपारी आई आली. दांडा बघायला बाथरूमच्या दारात उभी राहिली. बघितलं, आणि प्लॅस्टरमधला उजवा हात वर केला. "ह्या हातान धरू काय?"

दांडा मी उजव्या बाजूला लावला होता.

संध्याकाळी जाऊन डाव्या बाजूसाठी दुसरा दांडा आणला. त्या दिवशी आईला आंघोळ मीच घातली. तिनं डोळे मिटून घेतले होते, आणि पाणी गरम आहे की गार एवढंसुद्धा ती बोलली नाही. हात मोडल्याचं तिला जेवढं वाटलं नव्हतं, तेवढं मी आंघोळ घातल्याचं वाटलं.

दुसरा दिवस खंडेनवमीचा. मी सकाळी पाट मांडला, हत्यारं पुसून ठेवली, मधोमध मशीन. ते आधीच कामाला लागून बाटलेलं, तरी ठेवलं. आईनं डाव्या हातानं हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला आणि तिथेच माझ्या स्टुलावर बसून राहिली.

मग म्हणाली, "एक सांगू? तो दांडो माका नकोच होतो."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"खालच्या मजल्यावरच्या म्हातारेच्या घरात आसा तसो. दांडो लागलो काय मगे ती काठी येता, मगे बाई येता न्हाणूक घालूक. म्हणान म्हाळाचा निमित्त केलंय. पितरांका काय पडलाहा मशीनीचा!"

मला रागही आला आणि भडभडूनही आलं. म्हटलं, "आई, पितृपक्ष संपून सात दिवस झाले होते गं. ते सात दिवस तुझे नव्हते, माझे होते. मला मशीन दसऱ्यालाच आणायचं होतं. उगाच. हौस."

"माका ठावक आसा," आई म्हणाली. "रोज मुलुंडाक जाऊन हात हलवत परत येय होतंस. माका दिसना नाय काय? मी म्हटलंय, बरा आसा, करूंदे उशीर."

मग तिनं पाटाकडे मान केली. "उचल ती मशीन."

"आज? पूजेतली?"

"माका उद्या माझी मी न्हावची आसा. दसऱ्याक. उचल."

मी झेंडू बाजूला केला आणि मशीन उचललं. जन्मात पहिल्यांदा खंडेनवमीला आमच्या घरात हत्यार चाललं. आई दारात स्टुलावर बसून डाव्या हातानं खुणा करत होती, वर, अजून वर. दांडा बसल्यावर तिनं धरून, ओढून, अंगाचं वजन टाकून बघितला. "घट आसा," म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "आता ती कडी पण परत बसव."

"कडी नको आई. वेळ आलीच तर मला आत येता आलं पाहिजे."

"कडी बसव."

मी कडी बसवली.

दसऱ्याच्या सकाळी प्लॅस्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधून ती आत गेली. दार लागलं, आणि कडी सरकल्याचा आवाज आला. मी बाहेर स्टूल टाकून बसले. आतून पाण्याचा आवाज येत होता. पटाशी मी मांडीवर घेतली होती.