त्याच्याच भल्यासाठी

माझ्या नणंदेला आम्ही समोर ताई म्हणतो आणि पाठीमागे ठिणगी. हे नाव सासऱ्यांनी ठेवलं, ती पाच वर्षांची असताना. शेजारच्या मुलाने मांजराच्या शेपटीला डबा बांधला होता. हिने तो सोडला, त्याच मुलाच्या कमरेला बांधला आणि त्याला गल्लीभर पळवलं. तेव्हापासून तिचा राग कमी झालेला नाही, फक्त योग्य जागी लागायला शिकलाय.

ती बालवाडीत शिकवते. बालवाडीच्या बाई म्हटलं की लोकांना गोड गोड बोलणारी कुणीतरी डोळ्यांसमोर येते. ताई मुलांवर चिडत नाही हे खरं, पण तो वाचलेला सगळा राग ती मोठ्या माणसांवर काढते. लग्नाचं कुणी विचारलं तर म्हणते, ‘‘मला सांभाळायला दोन माणसं लागतील, एकट्याच्या आवाक्यातलं काम नाही.’’ माझी मुलगी तिच्याच वर्गात होती, म्हणून पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

त्या वर्गात एक मुलगा होता. त्याला सगळे मास्तर म्हणायचे, कारण तो हात मागे बांधून वर्गभर फिरायचा आणि प्रत्येकाच्या पाटीत डोकावायचा. त्याला जन्मापासून डाउन सिंड्रोम. हृदयाला छिद्र होतं, त्याचं ऑपरेशन झालेलं, पण छाती नाजूकच राहिली. बोलायचा चार-पाच शब्द. त्याच्यासाठी म्हणून ताईने भिंतीवर चित्रं लावली: पाणी, शू, भूक, दुखतंय. बोट ठेवायचं की कळतं. महिन्याभरात सगळी मुलं तोंडाने सांगायची सोडून चित्रावर बोट ठेवू लागली. आमची पोरगी घरीसुद्धा गप्प उभी राहून भिंतीवर पाण्याचा पेला शोधायची.

नळापाशी मास्तरची नेमणूक होती. डबा खायच्या आधी सगळ्यांनी हात धुऊन त्याच्या नाकासमोर धरायचे. साबणाचा वास आला तर तो मान डोलवायचा. नाही आला तर खांद्याला धरून उलट फिरवायचा, परत नळाकडे. वशिला चालायचा नाही. ताईने एकदा घाईत नुसतेच हात ओले केले, तर तिलाही त्याने परत पाठवलं.

त्याचे वडील बाजाराच्या कोपऱ्यावर किल्ल्या बनवतात. आधीच्या तीन शाळांनी त्यांना ‘‘आमच्याकडे सोय नाही’’ म्हणून वाटेला लावलं होतं. या शाळेच्या फाटकावर मात्र ‘सर्व मुलांसाठी’ असं रंगवलेलं होतं, त्यावर विश्वास ठेवून ते आत आले.

एका सोमवारी वर्गातला दुसरा एक मुलगा, त्याला घरी राजा म्हणत, सकाळी जरा जास्तच शांत होता. त्याची आई बँकेत काम करते. मुलगा फाटकात सोडून ती भराभर निघून गेली. दुपारी डबा उघडायच्या वेळी राजाने चटईवर डोकं टेकलं. ताईने कपाळाला हात लावला तर चटका बसला. कॉलरवर गुलाबी औषधाचा डाग होता.

‘‘सकाळी औषध घेतलंस का रे?’’

‘‘घेतलं,’’ तो म्हणाला. ‘‘पण आई म्हणाली, बाईंना सांगायचं नाही.’’

ताईने बँकेत फोन लावला. बाई कामात आहेत. परत लावला. बाई मीटिंगमध्ये आहेत. शेवटी राजाच्या काकाने येऊन त्याला नेलं. तोपर्यंत मास्तर त्याच्याजवळच बसून होता. राजा त्याचा लाडका, म्हणून मास्तर त्याचं डोकं थोपटत होता, आणि ताईचं लक्ष फोनकडे असताना दोघांनी एकाच बाटलीतून पाणीही पिऊन घेतलं.

त्या आठवड्यात निम्मा वर्ग खोकत घरी बसला. आमच्याकडेही रात्रभर वाफारे चालले होते. मास्तरला मात्र न्यूमोनिया झाला आणि दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवावं लागलं.

ताई रोज शाळा सुटली की तिकडे जायची. एके संध्याकाळी मी बरोबर गेले. मास्तरच्या तोंडावर मास्क, बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. वडील बाहेरच्या बाकावर बसलेले. ताईला बघून उठले आणि म्हणाले, ‘‘बाई, माझंच चुकलं का? त्याला घरीच ठेवायला हवं होतं का?’’

ताईने त्यांना हाताला धरून परत बाकावर बसवलं. जिन्यातून उतरताना मात्र तिने कठड्यावर असा हात आपटला की खालचा पहारेकरी वर बघायला लागला. ‘‘ज्याचं पोर आत धापा टाकतंय तो माफी मागतोय,’’ ती म्हणाली. ‘‘आणि जिने चमचाभर औषध पाजून ताप झाकला, ती खुशाल नोटा मोजतेय.’’

पुढच्याच आठवड्यात मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, पालकांची सभा बोलावली. मुलं एवढी आजारी का पडली, यावर बोलायचं होतं. एक बाबा उठून म्हणाले, ‘‘स्पष्टच बोलतो. त्या मुलाचं नाक सारखं वाहत असतं. अशा मुलांना रोग लवकर होतात, मग ते आपल्या मुलांना लागतात.’’ पाच-सहा माना हलल्या. बँकेतल्या बाई दुसऱ्या रांगेत होत्या. त्यांची मानही हलली. अगदी थोडी, पण मी पाहिली.

आणि ताईनेही पाहिली. ती भिंतीजवळ उभी होती, तिथून पुढे आली.

‘‘नाक सगळ्यांचंच वाहतं,’’ ती म्हणाली. ‘‘तुमच्या मुलाचं मीच पुसते, साहेब, रोज. ताप त्या मुलाने आणला नाही. तो ताप घरून औषध पाजून, झाकून, वर ‘बाईंना सांगू नको’ असं बजावून वर्गात पाठवलेला होता. कुणी पाठवला ते मला माहीत आहे. मी नाव घेणार नाही. ज्याचं त्याने उठून सांगावं.’’

कुणी उठलं नाही. बँकेतल्या बाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या आणि शोधतच राहिल्या. मी उठून म्हटलं, ‘‘माझी मुलगी घरी जेवणाआधी साबणाने हात धुते ते त्या मुलामुळे. मी सांगून ती धूत नव्हती.’’ माझ्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. ठिणगीची वहिनी दुसरं काय बोलणार!

मोठ्या बाई मधाळ आवाजात म्हणाल्या, ‘‘कुणाला दोष नको. तो बरा होऊन आला की आपण त्याला वेगळी खोली देऊ. शांत, सुरक्षित. त्याच्याच भल्यासाठी.’’

ती खोली मी पाहिली होती. मोडक्या तीनचाकी सायकली, फाटलेले गालिचे आणि जुनी बाकं ठेवायची अडगळ होती ती. एवढीशी खिडकी, तीही छताजवळ. सामान हलवलं, भिंतीवर दोन फुलपाखरं रंगवली आणि दारावर ‘विशेष कक्ष’ लिहिलं, झालं काम.

घरी ताई आठवडाभर बोललीच नाही. ती ओरडते तेव्हा आम्ही बिनधास्त असतो. ती गप्प झाली की माझा नवरासुद्धा चप्पल हळू काढतो.

मास्तर परत आला तो निम्मा होऊन. शर्ट खांद्यावरून घसरत होता. मदतनीस मावशींनी त्याला हाताला धरून विशेष कक्षात बसवलं. तो उठून दाराशी यायचा, आपल्या वर्गाकडे बोट दाखवायचा. मावशी त्याला परत आत न्यायच्या. दोन दिवस ताईने हे पाहिलं. मोठ्या बाईंशी तीनदा बोलली, तिन्ही वेळा तेच उत्तर मिळालं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या थोडं आधी तिने अख्ख्या वर्गाला रांगेत उभं केलं, एकमेकांचे शर्ट धरून आगगाडी केली आणि गाडी थेट विशेष कक्षात नेली. मास्तर आनंदाने किंचाळलाच. मुलं दाटीवाटीने बसली. मी पोरीला न्यायला गेले तेव्हा दाराबाहेर पालकांचा घोळका जमला होता. मुलं घामाने निथळत गाणं म्हणत होती.

‘‘हे काय चाललंय?’’ मोठ्या बाई धावत आल्या.

‘‘विशेष कक्ष आहे ना,’’ ताई म्हणाली. ‘‘मग एकट्याचंच भलं का? सगळ्यांचं होऊ दे.’’

सभेत नाकाबद्दल बोललेले बाबा पुढे सरसावले. ‘‘अहो, खिडकी कुठे आहे इथे? हवा नाही! मुलं आजारी पडतील!’’

‘‘पडतील,’’ ताई म्हणाली. तिचा आवाज आता चढला होता. ‘‘अगदी बरोबर ओळखलंत. तुमचं मूल आत बसलं तेव्हा तुम्हाला खिडकी दिसली. ज्याची छाती सगळ्यांत नाजूक, त्याला इथे दिवस दिवस कोंडलं, तेव्हा तुम्ही फुलपाखरं बघत होता. दुखण्यातून उठलेलं पोर आहे ते! लाज वाटत नाही?’’

गर्दीच्या मागे मास्तरचे वडील, किल्लीवाले, उभे होते. त्यांनी डोळे पुसले नाहीत, फक्त मान ताठ केली.

दुसऱ्या दिवसापासून मास्तर परत वर्गात बसू लागला. मोठ्या बाईंनी ताईला लेखी समज दिली, ती तिने टेबलावरच सोडली. पण एक नियमही झाला: ताप उतरल्यावर पूर्ण एक दिवस मूल घरी राहील, आणि औषध दिलं असेल तर फाटकातच सांगायचं.

त्यानंतर एका रविवारी बँकेतल्या बाई आमच्या घरी आल्या. खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि रडू लागल्या. ‘‘माझी रजा संपली होती हो. साहेब म्हणाले, पुन्हा मुलाचं कारण नको. मी काय करणार होते?’’

मला वाईट वाटलं. मी पाणी दिलं. ताईने दिलं नाही.

‘‘साहेबाशी भांडायचं होतं,’’ ती म्हणाली. ‘‘जमलं नसतं तर मला सांगायचं होतं, मी राजाला शाळेच्या ऑफिसात वेगळं निजवून ठेवलं असतं. ते सगळं मी समजू शकते. पण सभेत तुमची मान हलली ना, ती मला समजत नाही.’’

त्या गेल्यावर मी म्हटलं, ‘‘ताई, फार लागेल असं बोललात.’’

‘‘लागू दे,’’ ती म्हणाली. आजही ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. मला ते पटत नाही, पण तिला पटवणं माझ्या हातात नाही.

मास्तर यंदा पहिलीत जाणार. मोठ्या शाळेत प्रवेशासाठी किल्लीवाल्यांबरोबर ताईही गेली. संध्याकाळी घरी आली आणि पिशवी कोपऱ्यात भिरकावली.

‘‘नाही म्हणाले?’’ मी विचारलं.

‘‘हो म्हणाले. पण वडिलांनी रोज वर्गाबाहेर बसून राहायचं म्हणे, दिवसभर. मग किल्ल्या कोण बनवणार?’’ ती पदराने मान पुसत स्वयंपाकघरात गेली, घटाघट पाणी प्यायली आणि तिथूनच ओरडली, ‘‘उद्या परत जाणार आहे मी. सकाळी लवकर उठव मला!’’