पुढची सीट

साताऱ्यात आमच्या शेजारी फौजेतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हर राहायचे. धिप्पाड माणूस. गल्लीत कुणालाही जुनी गाडी घ्यायची असली की त्यांना सोबत नेत. बॉनेट उघडण्याआधी ते विचारायचे, "बसणार कोण कोण?" मग प्रत्येक सीटवर स्वतः बसून बघायचे.

मी पलूसच्या एका बागायतदाराची मारुती बघायला निघालो, तेव्हा त्यांनी आईलाही हट्टानं सोबत घ्यायला लावलं. तिथं त्यांनी गाडी लांबवर चालवून आणली. "इंजिन लय झ्याक हाय," ते म्हणाले, आणि माझा जीव भांड्यात पडला. मग त्यांनी आईला मागं बसवलं.

"छान आहे की," आई म्हणाली.

"आवं, गुडघा दाबून धरलाय तुमी. दुखतोय न्हवं? पुढं या."

"पुढे तुम्ही बसा. मी कधी बसले नाही."

"मग आज बसा. तुमाला जमलं न्हाई, तर गाडी घ्यायची न्हाई."

त्यांनी पुढची सीट मागं सरकवली. आईनं पाय लांब केले आणि हसली. व्यवहार तिथंच ठरला.

त्याच गाडीतून परतताना मी चालवत होतो आणि ते मागच्या सीटवर गुडघे छातीशी घेऊन बसले होते. आई काचेतून दिसणाऱ्या पाट्यांवरची गावांची नावं मोठ्यानं वाचत होती. सातारा आला तशी ती संकोचून म्हणाली, "अजून थोडं पुढे जायचं का?"

मी आरशातून मागं बघितलं.

"चला की," ते म्हणाले, "मला कुठं घाई हाय!"