आखाजीतली परतीची तारीख

जूनचा दुसरा रविवार. थकलेला दंड चार हजार एकशे साठ रुपये. हजर तिघे: परराज्यातल्या लिंबायत वस्तीतल्या आमच्या सोसायटीचे प्रमुख, सोसायटीच्या खोलीत चालणाऱ्या मराठी वाचनालयाच्या ग्रंथपालबाई आणि हिशेब बघणारा मी. सुट्टीच्या वाचनाला म्हणून बाईंनी एकाच दिवशी एकतीस घरांत बावन्न पुस्तकं दिली होती. चाळीस दिवस उशीर, दिवसाला दोन रुपये. आकडा बरोबर होता, मी दोनदा गुणून पाहिला होता.

प्रमुख म्हणाले, "दुपारी त्या खोलीत नुसता पंखा फिरतो. ट्यूशनवाला जागा मागतोय. महिनाअखेरपर्यंत माणसं दिसली नाहीत तर चावी त्याला."

"पंखाही बंद असतो, काका," बाई म्हणाल्या. "बटण मीच दाबते."

बाहेर आल्यावर त्या मला म्हणाल्या, "माणसं का येत नाहीत ते त्यांच्याच घरी जाऊन विचारू." ऊन होतं, गुडघे दुखत होते. वसुली होईल म्हणून मी निघालो.

पहिल्याच घरी एक बाई मजुरीने साडीवर चमकीचे स्टोन चिकटवत बसली होती. नवरा लूमवर, यंत्रमागावर गेलेला. माझ्या हातातली वही बघून तिने गोंदाची बाटली बाजूला ठेवली.

"कितला दंड व्हयना, भाऊ?"

"ऐंशी."

"पुस्तकवर ते किंमत साठच लिखेल शे."

पत्र्याच्या पेटीतून तिने साडीच्या पिशवीत गुंडाळलेलं पुस्तक काढलं. कोपरासुद्धा दुमडलेला नव्हता. "आखाजीले गावले गयथूत. सासूले रोज वाची दखाडं. मंग परत कराले लाज वाटनी." आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया.

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही. पुस्तकं सगळी होती. दंड पुस्तकापेक्षा मोठा झाला म्हणून माणसं वाचनालयाची गल्लीच टाळत होती. चौथ्या घरी मी वही पिशवीत टाकली.

बाईंनी रस्त्यात विचारलं, "परतीची तारीख कोण टाकतं?"

"मी."

"आखाजीला आपल्या गल्ल्या रिकाम्या होतात. बायका माहेरी जातात, शाळा उघडेपर्यंत पोरं गावी. आणि तुम्ही पंधरा दिवसांची तारीख टाकता."

मीही खानदेशातलाच. सहा वर्षं गावी गेलेलो नाही, गाडीभाड्याचा हिशेब बसत नाही म्हणून. तारखेचा शिक्का मारताना गावाची आठवण आली नाही, हेच खरं.

परत पहिल्या घरी गेलो. दंड माफ म्हणून मीच सांगितलं. पण दुपारी वाचनालयात याल का, असं बाईंनी विचारल्यावर ती हसली. "ताई, हात थांबना ते मजुरी थांबनी."

"मग काम घेऊनच या," बाई म्हणाल्या. "एकीने वाचायचं, बाकीच्यांनी स्टोन लावायचे."

"आनि गोंद सांडना ते?"

"फरशीवर सांडू दे. पुस्तकावर नको."

पहिल्या दुपारी सहा जणी आल्या, गठ्ठे डोक्यावर घेऊन. शनिवारपर्यंत एकोणीस. वाचणारीच्या वाट्याच्या साड्या बाकीच्या वाटून घेत. हे त्यांनीच ठरवलं, मला विचारलं नाही. बावन्नपैकी बावन्न पुस्तकं परत आली.

महिनाअखेरीला प्रमुख दारात उभे राहून मोजत होते. "दंड सोडला? तुम्ही?" ते मला म्हणाले. "बरं नाही का तुम्हाला?" चावी त्यांनी बाईंकडेच राहू दिली, पण आता पंखे खरोखर फिरतात, तेव्हा वीज वाचनालयाने भरावी म्हणाले. मी वहीत विजेच्या खर्चाचं पान उघडलं.

पहिलं बिल तीनशे चाळीस आलं. एकतीस घरांनी दहा-दहा रुपये दिले, तीस मी घातले. तीनशे चाळीस रुपये प्रमुखांच्या हाती दिले आणि पावती घेतली.