हायवेवरून परत येणारा डबा

मी याद्या करणारी बाई. आठवड्याची भाजी, दळण, गणपतीला रत्नागिरीला जाताना घ्यायचं सामान... सगळ्याची यादी. करणी, अंगात येणं, भटकणारे आत्मे यांना माझ्या कुठल्याच यादीत जागा नव्हती. कोणी सांगायला लागलं की मी उठून कामाला लागायचे. म्हणून हे लिहितानाही हात अडखळतोय. पण घडलं ते असं —

आमची काशीमिरा नाक्यावर खानावळ आहे. जागा नीट सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मुंबईहून अहमदाबादला जाणारा हायवे दहिसर सोडून आमच्या नाक्यावर येतो. इथून डावीकडे भाईंदरचा फाटा. सरळ गेलं की घोडबंदर. तिथे ठाण्याचा रस्ता वेगळा होतो आणि समोर वसईच्या खाडीवरचा पूल. पलीकडे शिरसाड, मनोर, चारोटी, तलासरी, मग गुजरात. पूल तेव्हा नवाच होता.

माझा धाकटा भाऊ विनायक हायवेच्या दुरुस्तीच्या टोळीत होता. तो आणि त्याची बायको कुसुम आमच्याकडेच राहायचे. टोळी असेल तिथे त्याचा डबा जाणाऱ्या ट्रकबरोबर पाठवायचा आणि रिकामा डबा येणाऱ्या ट्रकबरोबर परत यायचा. डबे बदलतात म्हणून मी त्याच्या डब्यावर नाव आणि खाली ‘काशीमिरा नाका’ असं कोरून घेतलं होतं. रिकामा म्हटलं खरं, पण आमच्या घरात भांडं रिकामं परत करत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात. विनायकला साखर कुठली मिळणार? तो बोरं, करवंदं, काहीतरी घालायचाच. कुसुम आधी झाकण उघडून बघायची, मग डबा मोरीत टाकायची.

एका दुपारी टोळी पुलावर होती. जेवण झाल्यावर विनायक नेहमीसारखा डबा धुवायला खाली खाडीकडे उतरला. परत आला नाही. चिखलात चपला सापडल्या. तो सापडला नाही, डबाही नाही. ओहोटी होती, ओढ जबर असते, असं सगळे म्हणाले. मासळी घेऊन येणारी राई गावची येसूबाई मात्र कुसुमसमोरच म्हणाली, “मेला न्हाय तो, बाय. पलालाय गुजरातला.” मला राग आला. कुसुमला मात्र त्या टोमण्याचाच आधार वाटला. तिने कुंकू पुसायला नकार दिला.

पंधरवडा गेला असेल. मुंबईकडे जाणाऱ्या एका ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला आणि माझ्यासमोर डबा ठेवला. “बहनजी, आपका है? शिरसाड में एक गाडीवाले ने दिया.” विनायकचा डबा. स्वच्छ धुतलेला. आत चिंचा.

कुसुमने त्याच दुपारी तो भरला आणि गुजरातकडे निघालेल्या ट्रकवाल्याकडे दिला. कोणाला द्यायचा, त्याने विचारलं. “पुढे द्या,” ती म्हणाली. मला वाटलं, गेला डबा. पण काही दिवसांनी तो परत आला — मनोरहून. आत मोहाची फुलं. पुन्हा भरला. चारोटीहून आला, चिकू होते. मग वलसाडहून, कैऱ्या घेऊन. दर वेळी आणणारा वेगळा आणि दर वेळी उत्तर एकच: दुसऱ्या गाडीवाल्याने दिला.

मी स्वस्थ बसणारी नाही. नवऱ्याला वलसाडपर्यंत पाठवलं. तो प्रत्येक हॉटेलात, पंक्चरवाल्याकडे, पेट्रोलपंपावर विनायकचा फोटो दाखवत गेला. डबा पाहिलेले भेटले. विनायकला पाहिलेला एकही नाही. कोणी कनवाळू माणूस हे करतोय म्हणावं, तर डबा रिकामा पाठवायचा नाही हे त्याला कोणी सांगितलं? आणि पाण्यात गेलेला डबा त्याच्याकडे आला कुठून?

नंतर भरूचहून खारे शेंगदाणे आले. कुसुम त्या दिवशी हसली. “लांब चाललेत, वन्सं. पण चाललेत.” तिने पुरणपोळ्या केल्या, डब्यात दाबून भरल्या.

पावसाळा सगळा गेला. डबा नवरात्रात आला. कुठून, ते आणणाऱ्याला सांगता येईना. फार लांबून येतोय एवढंच म्हणाला. कुसुम हात पुसत धावत आली. झाकण काढलं. डबा घासून लख्ख केलेला होता. तिने तळाशी बोट फिरवून बघितलं.

“वन्सं, काहीच नाही.”

मी म्हटलं, वाटेत सांडलं असेल, कोणी खाल्लं असेल. तिने मान हलवली. “हे कधी भांडं रिकामं पाठवायचे नाहीत.”

ती आत गेली. डब्यात चिमूटभर साखर घातली, झाकण लावलं आणि नाक्यावर उभ्या असलेल्या, गुजरातकडे तोंड केलेल्या ट्रकवाल्याकडे दिला. जेवण नाही, साखरच आहे, असं त्याला सांगितलं. मग मोरीवर जाऊन तिने कपाळ धुतलं. मी अडवलं नाही.

डबा त्यानंतर आला नाही. याला काही वर्षं झाली. खाडीत गेलेला डबा कोणी धुतला, कोणी भरला, शेवटी रिकामा का आला — मला ठाऊक नाही, कोणाला ठाऊक असेल असं वाटतही नाही. कुसुम भाकऱ्या थापते, ट्रक थांबला तरी मान वर करत नाही. मी मात्र अजून आधी ड्रायव्हरच्या हातांकडे बघते.