होलबॉशला जायचं कसं

नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका आयरिश सहकाऱ्यानं मेक्सिकोत लग्न करायचं ठरवलं आणि आम्हाला सहकुटुंब बोलावलं. लग्न समुद्रकाठच्या रिसॉर्टवर, आणि रिसॉर्ट होलबॉश नावाच्या बेटावर. डब्लिनहून विमानं बदलत कानकूनला पोचायचं, इथवर कोणाचं दुमत नव्हतं. वाद होता तो पुढच्या वाटेचा.

तेव्हा आई नागपूरहून आमच्याकडे, डब्लिनच्या सँट्री भागात आली होती. माझा भाऊ अमेरिकेत, त्यामुळे तिच्याकडे तिथला व्हिसा होता आणि मेक्सिकोला तेवढा पुरतो, म्हणून तिलाही न्यायचं ठरलं. एका रात्री जेवताना नवऱ्यानं लॅपटॉप वरणाच्या पातेल्याला टेकवून उभा केला आणि पर्याय समजावून सांगायला घेतले. भाड्यानं मोटार घेता येते, पण बेटावर मोटारी चालत नाहीत, ती अलीकडेच ठेवावी लागणार. बस स्वस्त, पण वेळ खाणार. सामायिक व्हॅन बाकीचे प्रवासी येईपर्यंत हलत नाही. स्वतंत्र व्हॅन हलते, पण महाग. शिवाय एक चिमुकलं विमान थेट बेटावर उतरतं. ते विमान सोडलं तर बाकी सगळे रस्ते चिकिला नावाच्या गावात संपतात आणि तिथून बोट. बेटावर फिरायला गोल्फच्या गाड्या. लेकीनं एवढं शेवटचंच ऐकलं आणि तिचा निर्णय झाला.

माझं मन अडलं ते बोटीपाशी. आई पाण्याला घाबरते हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. लहानपणी भेडाघाटला गेलो तेव्हा आम्ही भावंडं मामाबरोबर नावेत बसलो आणि आई-बाबा काठावर शेंगा खात बसले. अंदमानची सहल दोनदा ठरली आणि दोनदा मोडली. आईला विचारलं तर ती म्हणाली, “तुम्ही जसे न्याल तशी येईन.” पण तिच्या अशा उत्तरांवर मी विश्वास ठेवत नाही.

नवरा सॉफ्टवेअरवाला. आधी टेस्टिंग करू, म्हणाला. पुढच्या लाँग वीकेंडला आम्ही आयर्लंडच्या पश्चिमेला, एनिसला माझ्या मैत्रिणीकडे मुक्काम केला आणि सकाळी डूलिनच्या धक्क्यावर जाऊन इनिशीर बेटाची बोट पकडली. नवऱ्यानं आईची जय्यत तयारी केली होती. उलटीच्या गोळ्या, आलेपाक, मनगटात घालायचे पट्टे, कागदी पिशव्या. सगळं त्यानं तिच्या मांडीवर ठेवलं आणि घाबरायचं अजिबात कारण नाही, असं तिला पुन्हा पुन्हा सांगितलं.

बोट धक्क्यापासून जरा लांब गेली आणि अटलांटिकनं तिला हातात घेऊन खुळखुळ्यासारखं हलवायला सुरुवात केली. नवऱ्याचं बोलणं एका वाक्याच्या मध्येच थांबलं. चेहरा आधी पांढरा, मग हिरवट. आईनं मांडीवरची पिशवी उघडून त्याच्यापुढे धरली, दुसऱ्या हातानं त्याची पाठ चोळायला लागली.

“दूर पाहा, जावईबापू. पायाखाली पाहू नका.”

लेकीनं दोघांकडे पाहून, ठीकठाकला ‘ग्रँड’ म्हणणाऱ्या आयरिश इंग्रजीत अहवाल दिला, “आजी इज ग्रँड. डॅडी इज नॉट ग्रँड अ‍ॅट ऑल.”

बेटावर उतरल्यावर नवरा एका दगडी कुंपणाला टेकून बसला आणि आपल्याला इथंच सोडून जावं, असं त्यानं सुचवलं. आई आणि लेक घोडागाडीतून चक्कर मारून आल्या. गाडीवाला त्याच्या इंग्रजीत बोलत होता, आई तिच्या नागपुरीत, आणि घोड्याच्या गुडघ्यांविषयी दोघांचं एकमत झालेलं दिसलं. ती परतल्यावर मी तिला बाजूला घेऊन विचारलं की तुला भीती कशी नाही वाटली.

ती पदर सारखा करत राहिली. मग म्हणाली, “भेव तर तुझ्या बाबाले वाटे. इतका मोठा माणूस, चारचौघात कसा सांगेल? मी आपलं माझ्या नावावर घेतलं.”

बाबांना जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. इतकी वर्षं मी आईचं चुकीचं कौतुक करत आले होते, की बायकोसाठी काठावर बसणारा नवरा मिळाला हिला.

परतीच्या बोटीचं वर्णन करत नाही.

सँट्रीला आल्यावर नवरा एकाएकी त्या चिमुकल्या विमानाचे गुण गाऊ लागला. वेळ वाचतो, वरून दृश्य सुंदर दिसतं. आई लगेच म्हणाली की विमानच बरं, मले बोट नको. पण त्या दिवसांत विमानात एकही जागा उरली नव्हती. शेवटी स्वतंत्र व्हॅन आणि बोट.

चिकिलाचा समुद्र निपचित होता, नुसता हिरवा आणि उथळ. तरी धक्क्यावर पाय ठेवताच नवऱ्याच्या बोलण्यातली वाक्यं लहान होत गेली. बोटीत आई त्याच्या शेजारी बसली आणि तिनं त्याचा हात घट्ट धरला. समोर नवरदेवाची मावशी होती. तिनं काळजीनं काय झालं विचारलं, तर आईनं जमवून ठेवलेलं इंग्रजी बाहेर काढलं.

“आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ वॉटर. माय सन-इन-लॉ इज होल्डिंग मी.”

मावशीबाई विरघळल्या. असा जावई सगळ्यांना मिळो, या अर्थाचं त्या बरंच काही बोलल्या. नवऱ्यानं डोळे मिटूनच मान हलवली. मी खिडकीबाहेर बघत राहिले, कारण त्याच्याकडे पाहिलं असतं तर हसू आवरलं नसतं, आणि आईकडे पाहिलं असतं तर दुसरंच काहीतरी झालं असतं.

बेटावर गोल्फची गाडी वाळूतून, डबक्यांतून उड्या मारत निघाली. लेक पुढे बसून ओरडत होती. नवऱ्याच्या चेहऱ्यावर रंग परतला, तशी त्याची जीभही परतली. बोट काही एवढी वाईट नव्हती, म्हणाला.

“हो ना,” आई म्हणाली. “तुम्ही होते म्हणून.”