आमचा मुका रेडिओ घोडेगावला जातो

खर्ड्याच्या स्टँडवर पहाटे कुडकुडत उभी होते, तेव्हाच मला कळायला हवं होतं की हा प्रवास सरळ होणार नाही. मामानं स्वतःची घोंगडी काढून पांघरली होती ती रेडिओला. सख्खी भाची शेजारी दात वाजवत उभी, तिच्याकडे लक्ष नाही. "त्याला वारं लागाया नगं," एवढंच म्हणाला.

रेडिओ मोठा, टेबलावर ठेवायचा, लाकडी पेटीचा. सेलवर चालणारा. मामानं तो महिन्याभरापूर्वी नगरच्या एका दुकानातून आणला. दुकानात तो छान गात होता म्हणे. घरी आणला आणि त्याची वाचाच गेली. कान पिळा, पाठ थोपटा, सेल बदला, आतून नुसती फुसफुस. सरपंचांचा हातात मावणारा ट्रान्झिस्टर पारावर बिनदिक्कत बातम्या सांगतो आणि आमचं हे एवढं धूड कोपऱ्यात बसून धापा टाकतं.

दुसऱ्या कुणाचा रेडिओ असता तर गाव दोन दिवस हसलं असतं आणि विसरलं असतं. पण आमचा रंगनाथमामा, ज्याला सगळे तात्या म्हणतात, तो बैलपारखी. जामखेड तालुक्यात कुणाला जोडी घ्यायची असली की तात्याला घोडेगावच्या बाजाराला घेऊन जातात. तात्यानं पाठीवरून हात फिरवला आणि मान हलवली की लोक डोळे मिटून बैल घेतात. घरात मिळकत आहे ती ह्या नावाची. आणि ह्या माणसाला शहरात मुका रेडिओ विकला. वस्तीवरचे आप्पा, ज्यांची ह्या सालची जोडी मामाच बघणार होता, ते आता 'बघू, घाई काय' म्हणायला लागले होते. ज्याला मुका रेडिओ गळ्यात मारला त्याला मुका बैलही मारतील, असं कुणीतरी पारावर बोललं. बैल मुकाच असतो, हे मी सांगून पाहिलं. कुणी ऐकेल तर शपथ.

मामीनं मला बरोबर धाडलं. मी इथल्या शाळेत मास्तरीण, मामाच्याच घरी राहते, सुट्टी होती. "शकू, तू जा बाई," मामी म्हणाली, "न्हाईतर हे दुकानदाराचे दात बघत बसतील."

एसटीत कंडक्टरनं घोंगडीकडे बोट दाखवून काय आहे म्हणून विचारलं. मामा म्हणाला, आजारी आहे. त्यावर दोन माणसं उठून उभी राहिली आणि रेडिओला खिडकीची जागा मिळाली. मला मिळाली मागची, चाकावरची. आष्टीला चढलेल्या एका म्हातारीनं तर चौकशी न करता कनवटीचा अंगारा काढून घोंगडीला लावला आणि उतार पडेल म्हणाली. मामानं तिला वाकून नमस्कार केला. मी बाहेर बघत बसले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं; काढणी झालेली ज्वारीची रानं, बाभळी आणि मधूनच एखादी विहीर, तिच्या मोटेवर बसलेले कावळे. तरी बघत बसले.

कड्याला गाडी थांबली तेव्हा कांदाभजी खाल्ली. तिखट, गरम, वर्तमानपत्राच्या कागदात. भजी मात्र अशी की राग अर्धा उतरला.

तो राग नगरला पुन्हा चढला. माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो, दुकान तिथून चालत जाण्याच्या अंतरावर, आणि मामा निघाला औरंगाबादकडच्या गाडीकडे. मी पदर धरायचा तसा त्याचा सदरा धरला. कुठं? तर घोडेगावला. का? तर तक्रार करायच्या आधी पंचांनी जनावर बघावं लागतं. म्हटलं मामा, अरे हे जनावर नाही. मामा थांबला आणि मला शाळेतल्या मुलासारखं समजावलं. विकणारा एक बाजूला, घेणारा एक बाजूला, आणि खोड (लपवलेला दोष) आहे की नाही हे सांगायला तिसरा माणूस लागतो, नाहीतर ती तक्रार नाही, भांडण आहे. मी भांडायला आलेलो नाही, म्हणाला.

इमामपूरचा घाट चढून, धूळ खात, आम्ही घोडेगावला पोचलो.

घोडेगावचा बाजार मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, सगळा वैताग विसरले. नजर पोचेल तिथवर जनावरं. शिंगांना हिंगूळ, गळ्यात घुंगरमाळा, अंगावर झुली. धुळीचा एक पिवळा पडदा आणि त्यातून हंबरणं, शिट्ट्या, चहाच्या कपांचा खणखणाट. माणसं हातावर उपरणं टाकून, त्याच्याखाली बोटं दाबून भाव करतात. तोंडं दोघांची मख्ख. एक सौदा आमच्यासमोरच ठरला. विकणाऱ्यानं बैलाच्या गळ्यातलं दावं (बांधायचा दोर) सोडलं, कपाळाला लावलं आणि खांद्यावर टाकलं. घेणाऱ्यानं आपलं नवं दावं आणलेलं होतं, ते बांधलं. मी विचारलं, दोर का नाही दिला? मामा म्हणाला, दावं गेलं तर त्याच्या गोठ्याची लक्ष्मी जाते. जनावर घ्यायचं, दावं नाही घ्यायचं. मला ही पद्धत फार आवडली.

मामाचा पंच म्हणजे भागूजीदादा. ह्या बाजारातला सगळ्यात जुना दलाल, भला मोठा फेटा, आणि त्याच्या शब्दावर बाजार उठतो बसतो. मामानं रेडिओ लिंबाच्या सावलीत ठेवला आणि घोंगडी काढली. बघता बघता माणसं जमली. दादा रेडिओभोवती फिरला. पाठीवर थाप मारली. वाकून पोटाखाली पाहिलं. पुढची बटणं मोजली, चार निघाली. "चारदाती हाय. ऐन उमेदीत हाय," म्हणाला, आणि भोवतालच्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मला हसू फुटलं ते मी खोकल्यावर निभावलं. तेवढ्यात नेवाशाकडच्या एका गृहस्थानं मामाच्या हातावर उपरणं टाकून भावच विचारला. त्याला बाजूला काढावं लागलं.

मग मामानं कान पिळला. फुस्स्स.

दादानं पेटीला कान लावला. बराच वेळ ऐकलं. शेजारच्या दोघांना ऐकवलं. त्यांनी आपसात कुजबुज केली आणि दादानं निकाल दिला, की ह्याला दमा आहे. हा दोष विकताना सांगायला हवा होता. बोली (विकणाऱ्यानं तोंडानं दिलेली हमी) न देता दम्याचं जनावर गळ्यात मारलं, तेव्हा त्यानं ते परत घेतलंच पाहिजे. आणि हे सांगायला मी स्वतः येतो.

त्या रात्री दादाच्या घरी हुलग्याचे शेंगोळे आणि बाजरीची भाकरी जेवलो. रेडिओ गोठ्याच्या पडवीत होता. दादाच्या सुनेनं त्याच्यापुढे पाण्याची बादली ठेवली नाही, एवढंच काय ते कमी.

सकाळी आम्ही तिघं आणि रेडिओ नगरच्या दुकानात हजर. दुकान ऐसपैस, काचेची कपाटं, पंखा. शेठ गोरेगोमटे, पांढऱ्या टोपीतले, बोलायला गोड. मामाला त्यांनी ओळखलं, चहा सांगितला, आणि रेडिओ परत करायचाय म्हटल्याबरोबर भिंतीकडे बोट केलं. तिथं सुबक अक्षरात पाटी होती. मी ती मोठ्यानं वाचली: एकदा विकलेला माल कोणत्याही कारणास्तव परत घेतला जाणार नाही.

"ही पाटी तुमी भिंतीला सांगितली," मामा शांतपणे म्हणाला. "मला कवा सांगितली?"

शेठ गडबडले. सगळीकडेच अशी पाटी असते, म्हणाले. दादा म्हणाला, असू दे, पण आमच्याकडे विकणारा तोंडानं बोलतो. बैल मारका असला तर मारका म्हणतो, बसका असला तर बसका म्हणतो, मग घेणारा बघून घेतो. न सांगता विकला आणि खोड निघाली तर माघारी. तुम्ही तोंडानं काय बोलला होतात?

शेठ काहीच बोलले नव्हते. दादानं मांडी घातली आणि म्हटलं, मग आता बोला. आणि कसं कोण जाणे, त्या फेट्याखालच्या डोळ्यांपुढे शेठ बोलायला लागले. हा कपाटातला लाल, तो आवाज मोठा केला की घरघरतो. तो पलीकडचा, त्याचं बटण महिन्यात सैल होतं. तो परदेशी, दिसायला छान, पण त्याचा सुटा भाग पुण्यातही मिळत नाही. आणि पावसाळ्यात वीज चमकली की झाडून सगळे खरखरतात, त्याला इलाज नाही. दुकानात एक जोडपं लाल रेडिओ घ्यायला आलं होतं, ते हळूच बाहेर सरकलं. शेठनी घाम पुसला.

"पण तात्या, तुमचा सेट तसा नाही हो," ते अगदी काकुळतीनं म्हणाले. "तो माझ्या दुकानातला सगळ्यात चांगला होता. आणा इकडे."

त्यांनी रेडिओ मेजावर ठेवला. मागे पाहिलं. मग कपाटाच्या खणातून तांब्याच्या तारेची विणलेली एक लांब पट्टी काढली, तिचं एक टोक रेडिओच्या पाठीला जोडलं आणि दुसरं वरच्या खिळ्याला अडकवलं. कान पिळला.

पुणे केंद्र खणखणीत बोललं. कांद्याचे बाजारभाव चालू होते.

आम्ही तिघं थक्क. शेठ म्हणाले, ही एरियल. ही नसली तर ह्याला दूरचं काही ऐकू येत नाही. ही सेटबरोबरच होती, तुम्हीच त्या दिवशी सोडून, कपाळाला लावून मला परत दिलीत. मी आपलं समजलो, घरी दुसरी असेल.

मी मामाकडे पाहिलं. मामा त्या पट्टीकडे बघत होता. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पेटीला बांधलेली, लोंबणारी, विणलेली पट्टी. दावं. माझ्या मामानं दुकानदाराची लक्ष्मी जाऊ नये म्हणून रेडिओचं दावं त्याला परत दिलं होतं.

मला इतकं हसू आलं की मी खुर्चीवर बसले. शेठ हसले, दादा हसला, दारात उभा असलेला पानवालाही हसला. मामा तेवढा हसला नाही. तेव्हा माझंही हसू आटलं, कारण आता कळलं की झालं काय. दमा रेडिओला नव्हता. चूक पारख्याची होती, आणि ती दादासमोर झाली होती. दादाला कळलं म्हणजे घोडेगावच्या बाजाराला कळलं.

शेठ माणूस चांगला. त्यांनाही ते दिसलं असावं. ते जवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाले, "तात्या, असं करू. सेटमध्येच बिघाड होता असं मी सांगतो. दुसरा बदलून देतो. माझं काही जात नाही, तुमचं नाव राहील."

दादानं छताकडे पाहायला सुरुवात केली. म्हणजे त्याचीही हरकत नव्हती. मी तर मनातल्या मनात मामाला ढोसत होते, हो म्हण, हो म्हण.

मामानं रेडिओच्या पाठीवर हात ठेवला.

"न्हाई शेठ," तो म्हणाला. "जनावर चांगलं हाय. चांगल्याला खोडीचं म्हनायचं, ते माझ्या तोंडून व्हायचं न्हाई. दादा, बाजारात इचारलं तर खरं तेच सांगा. खोड रंगनाथात हुती."

दादानं छतावरचे डोळे खाली आणले आणि फेटा नीट केला. कांद्याचे भाव संपून गूळ सुरू झाला.

तंटा इथं मिटायला हवा होता. पण शेठ एरियल गुंडाळून देऊ लागले तर मामा ती घेईना. शेठ म्हणाले, अहो, तुमचीच आहे, सेटच्या किमतीतच आहे. मामा म्हणाला, दावं विकणाऱ्याचं. शेठनी मला विनवलं, मी मामाला समजावलं, पण हा माणूस एकदा अडला की अडला. शेवटी शेठनी हात टेकले आणि समोरच्या दुकानात नवी एरियल मिळेल म्हणून सांगितलं. स्वतःचं गिऱ्हाईक चढाओढीच्या दुकानात पाठवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. मामा गेला, नवी पट्टी घेऊन आला आणि रेडिओला बांधली. मग शेठनी आपली जुनी पट्टी, जरा इकडेतिकडे बघून, कपाळाला लावली.

दादा घोडेगावच्या गाडीत बसला, आम्ही जामखेडच्या. परतीच्या वाटेवर कड्याची भजीसुद्धा मामानं नको म्हटली, तेव्हा मला खरंच काळजी वाटली. आप्पांची जोडी गेली, हे मी धरूनच चालले होते. जोडी जाऊ दे, पण ह्या माणसानं आयुष्यभर कमावलेलं नाव एका तांब्याच्या पट्टीपायी जावं, याचं मला फार वाईट वाटत होतं. एक शब्द खोटा बोलला असता तर काय बिघडलं असतं, असं मी त्याला विचारणारही होते. विचारलं नाही ते बरं झालं.

खर्ड्याला उतरल्यावर मामा घरी न जाता थेट पारावर गेला. रेडिओ ठेवला, पट्टी झाडाला अडकवली आणि कुणी विचारायच्या आधी सगळी हकिकत स्वतःच्या तोंडानं सांगितली. दम्याचा निकाल, पाठीवरची थाप, दावं, शेठनी पुढं केलेली पळवाट, सगळं. लोक हसून हसून लोळायचे बाकी राहिले. आप्पा त्यात होते. त्यांना तर ठसका लागला आणि कुणीतरी त्यांच्या पाठीवर चापट्या मारल्या. मला भयंकर राग आला. मी तोंड फिरवून घरी आले आणि मामीपाशी सगळ्या गावाचा उद्धार केला.

दिवेलागणीला आप्पा दारात आले. अजून डोळे पुसत होते. मामानं बाहेर येऊन विचारलं, हसणं राहिलंय का थोडं?

"लई हसलो," आप्पा म्हणाले, आणि जोत्यावर बसले. "मग घरी जाऊन इचार केला. ज्यानं नाव वाचवाया रेडिओवर आळ घेतला न्हाई, तो बैलाबद्दल मला काय खोटं सांगनार? तात्या, पुढच्या बाजाराला जोडी बघाया चलायचं हाय."

मामा आत आला, चुलीपाशी बसला आणि मामीला म्हणाला की लई भूक लागली आहे. मामीनं ताट वाढलं. मी बाहेर आप्पांना चहा द्यायला गेले, आणि मघाशी त्यांचा जो उद्धार केला होता तो मनातल्या मनात परत घेतला.