ताट तू धर

"ताट तू धर," मॅडम म्हणाल्या. "तुझे हात दणकट आहेत. बाकीच्यांना जमायचं नाही."

मी ताट धरलं. ताटात शाली, नारळ, कुंकवाची वाटी. स्टेजच्या कडेला, पडद्याला लागून माझी जागा. समोर सभागृह भरलेलं आणि शेवटच्या रांगेत माझी आई. खास राखून ठेवलेली जांभळी साडी नेसून पाणीगेटहून शेअर रिक्षाने आली होती. मीच बोलावलं होतं. आज माझं नाव घेणार आहेत, ये, असं सांगितलं होतं.

कार्यक्रम 'प्राध्यापक गौरव'. बडोद्यातलं आमचं कॉलेज लहान. एकमजली इमारत, एक कडुलिंबाचं झाड, आणि भिंतीवर संस्थापकांच्या तसबिरी. माणसं थोडी असली की गौरव जास्त लागतो. म्हणून वर्षातून एकदा सगळ्या प्राध्यापकांची यशं जाहीर वाचली जातात. यश कुणालाच कमी पडत नाही. एका सरांनी वेबिनारला हजेरी लावली होती. तो राष्ट्रीय होता, कारण लिंक दिल्लीहून आली होती. दुसरे सर मुलाकडे न्यू जर्सीला गेले होते. तिथून त्यांनी ऑनलाइन निबंध वाचला, म्हणून तो आंतरराष्ट्रीय. एक बेन सोसायटीच्या गरबा स्पर्धेत परीक्षक होत्या. ते 'सांस्कृतिक योगदान'.

शालींचंही एक गुपित आहे. ते सगळ्यांना माहीत असतं आणि कुणी बोलत नाही. शाली मोजक्याच. साहेब, म्हणजे आमचे प्राचार्य, शाल पांघरवतात, फोटो निघतो, टाळ्या होतात. सत्कारमूर्ती दुसऱ्या बाजूने उतरतात आणि पडद्यामागे उभ्या असलेल्या रमणभाईंकडे शाल देतात. रमणभाई आमचे शिपाई. ते घडी घालून ती परत ताटात ठेवतात. पुढच्या माणसाच्या खांद्यावर आधीच्या माणसाची ऊब.

"चालो बेन, आगळ करो," रमणभाई पडद्यामागून कुजबुजले. मी ताट पुढे केलं.

शेवटी मॅडमचं नाव आलं. मॅडम आमच्या इतिहास विभागाच्या प्रमुख. घराणं जुनं, घडियाळी पोळेतल्या वाड्यातलं. पणजोबा दरबारात कारभारी होते, हे त्या वर्गात दर आठवड्याला एकदा तरी सांगतात. निवेदकाने वाचलं, "मॅडमनी यंदा वंचित समाजातील एका विद्यार्थिनीला पीएचडीपर्यंत पोहोचवलं."

टाळ्या.

ती विद्यार्थिनी मी. त्याच विभागात शिकवणारी, अकरा महिन्यांच्या करारावरची. स्टेजवर, हातात ताट घेऊन. मॅडम नावाला माझ्या मार्गदर्शक. प्रबंधाचं पहिलं प्रकरण त्यांनी वाचलं होतं, असं मला वाटतं. बाकीच्यांवर सही होती.

साहेब शाल उचलायला माझ्याकडे वळले. उंच माणूस. मॅडम हसून म्हणाल्या, "जरा वर धर ग. साहेबांना वाकावं लागतंय."

मी वर धरलं.

कार्यक्रम संपल्यावर आई बाहेर लिंबाखाली थांबली होती. तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "तुझं नाव कधी घेतलं ग? मला आलंच नाही ऐकू."

"माईकचा आवाज बारीक होता, आई."

"बाकीच्यांची तर सगळी ऐकू आली," ती म्हणाली. "मी बहिरी नाही झाले अजून."

मग घरापर्यंत ती काही बोलली नाही. आई जन्मभर सुभानपुऱ्यात लोकांची भांडी घासत आली. कुठे बोलायचं नाही ते तिला कळतं. मलाही कळतं. आमच्या घरात ही विद्या पिढ्यांची आहे.

प्रबंधाचा विषय सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझा पणजोबा बडोदा संस्थानच्या पागेत मोतद्दार होता. घोड्याला खरारा करायचा, दाणावैरण करायची, लीद काढायची, मिरवणुकीत घोड्याबरोबर पायी चालायचं. आमच्या जातीला पागेत जागा होती. पागेच्या आवारात जी विहीर होती, तिच्यावर नव्हती. मॅडमना विषय सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे घोड्यांचा इतिहास?"

"नाही मॅडम. माणसांचा."

"त्यांचा काय असणार?" त्यांनी खरंच विचारलं होतं. कुत्सितपणा नव्हता. त्यामुळे जास्त लागलं.

एका अर्थी त्यांचं बरोबर होतं. घरात पणजोबाच्या घोड्याचं नाव सगळ्यांना ठाऊक होतं. हिरा. पणजोबाला लोक 'हिऱ्याचा मोतद्दार' म्हणत. त्याचं स्वतःचं नाव कुणाला सांगता येईना. आजोबा लहान असतानाच तो गेला. माझ्या पणजोबाचं नाव शोधायला मला पीएचडी करावी लागली.

ते सापडलं उखाण्यात. आमच्या बायका नवऱ्याचं नाव एरवी तोंडाने घेत नसत. घेतलं तर उखाण्यातच. म्हणून मी पागेवाल्या घरांतल्या म्हाताऱ्यांकडे फिरले आणि त्यांच्या आया-सासवांचे उखाणे गोळा केले. पाणीगेटच्या एका चुलत आजीला माझ्या पणजीचा उखाणा पाठ होता. सांगताना नव्वदीची म्हातारी लाजली.

हिऱ्याच्या पाठीवर जरीची झूल,
सखारामाचं नाव घेते, दारी पेटली चूल.

सखाराम. मी तिथेच बसून रडले. म्हातारी म्हणाली, "रडतेस काय? मेलेल्याला शंभर वर्षं झाली." मग तिनेच झुलीचं सांगितलं. मिरवणूक संपली की झूल काढून कोठीत जमा करायची. हिऱ्याला थंडी वाजली तर गोणपाट.

मॅडमनी उखाण्यांच्या पानावर पेन्सिलने लिहिलं होतं, 'हे कशाला? लग्नघरातलं वाटतं.'

गौरवानंतर थोड्याच दिवसांनी कॉलेजच्या मूल्यांकनाला बाहेरची समिती येणार असं कळलं. भिंतींना रंग लागला. मॅडमनी मला खोलीत बोलावलं. चहा मागवला. मला त्यांनी चहा मागवला म्हणजे काहीतरी असणार.

"समितीसमोर तुझी सक्सेस स्टोरी ठेवूया," त्या म्हणाल्या. "तुझं बालपण सांग. आईचं सांग. असलं आवडतं त्यांना. मग मी तुझा सत्कार करीन."

मी कप खाली ठेवला.

"आणि आईलाही आण. पुढे बसवू." मग त्यांनी आवाज खाली आणला, जसा घरच्या माणसाशी आणतात. "फक्त त्या दिवशीची साडी नको हं. साधी नेसू दे. कामावर जाताना नेसते तसली. फोटोत खरं वाटलं पाहिजे."

ती जांभळी साडी आईने माझं नाव घेतील त्या दिवसासाठी पेटीत राखून ठेवली होती. इस्त्री करायला दिली नाही. जळेल म्हणून आदल्या रात्री स्वतः गादीखाली ठेवून घडी बसवली होती.

"आई येणार नाही," मी म्हटलं.

"का? अजून जाते का कामाला?"

"नाही. इथे तिला काही काम नाही."

मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, असं मला वाटलं. "कराराचं नूतनीकरण मे महिन्यात आहे ना तुझं?" त्या म्हणाल्या आणि चहाचा घोट घेतला.

समिती आली. मधे बसलेले अध्यक्ष आदल्या दिवशीच्या जेवणाने जड झालेले दिसत होते. मॅडम माईकवर गेल्या. "ही आमच्या विभागाची सर्वांत मोठी उपलब्धी," म्हणाल्या. हात माझ्याकडे. ताट त्या दिवशी एका नवीन सरांकडे होतं. त्यांच्या हातात ते थरथरत होतं.

मॅडमनी शाल उचलली. त्या ठेंगण्या आहेत. त्यांच्या हातून शाल घ्यायची तर मान वाकवावी लागते. सगळे वाकवतात. साहेबसुद्धा. त्यांनी हात वर केले आणि थांबल्या.

मी वाकले नाही.

काही मोठं धाडस वगैरे नव्हतं ते. दमले होते. झूल चढवायला घोडा मान खाली घालतो, एवढंच डोक्यात आलं. आणि गादीखालची साडी.

मॅडमचे हात वरच राहिले. "अगं, खाली हो जरा," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

"मॅडम, शाल रमणभाईंना द्या," मी म्हटलं. "तशीही ती त्यांच्याकडेच जाणार आहे."

माईक चालू होता. समितीतल्या एका बाई हसल्या आणि मग खोकल्या. मी माईककडे वळले. माझं नाव सांगितलं. आडनावासकट. आपल्याकडे पुढचा प्रश्न 'मूळ कुठले' असा असतो, म्हणून तो कुणी विचारायच्या आत पणजोबाचंही सांगितलं. सखाराम, पागेतला मोतद्दार. प्रबंधाचा विषय सांगितला. म्हटलं, "हे काम मी केलं आहे. कुणी मला कुठे पोहोचवलेलं नाही. मी चालत आले." आणि खाली उतरले. टाळ्या नाहीत. पडद्याशी रमणभाई रिकाम्या हातांनी उभे होते. त्यांनी डोळे मोठे केले आणि म्हणाले, "बेन, आ शुं कर्युं?"

काय केलं ते संध्याकाळी कळलं. मॅडमनी व्हरांड्यात गाठलं. रागावल्या नव्हत्या. दुखावल्या होत्या. "कृतज्ञता नावाची काही गोष्ट असते," त्या म्हणाल्या. "मी तुझ्यासाठी काय नाही केलं!"

"सही केलीत," मी म्हटलं. "त्याबद्दल आभार प्रबंधात छापले आहेत."

घरी आईला सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, "सगळ्यांना ऐकू आलं?"

"आलं."

"मग जेव."

मे महिन्यात करार संपला. नूतनीकरण झालं नाही. कारण विचारायला गेले तर साहेब म्हणाले, विभागाला आता वेगळ्या प्रकारचं मनुष्यबळ हवं आहे. कॉलेजच्या संकेतस्थळावर यशांच्या पानावर मॅडमच्या नावाखाली ती ओळ अजून आहे. 'एका विद्यार्थिनीला पोहोचवलं.' मी मधूनमधून उघडून पाहते. अंगावरची खपली पाहावी तसं.

सध्या शिकवण्या घेते. थकवा आहे. तो जाईल असं वाटत नाही. माझा प्रबंध पुस्तक होऊन निघेल तेव्हा त्यात आभाराच्या जागी पणजीचा उखाणा असेल. पण पुस्तकाचं पुढे. आधी दुसरं एक काम आहे.

कॉलेजातल्या माझ्याच जागेची जाहिरात आली आहे. मी अर्ज केला आहे. मुलाखतीच्या टेबलामागे मॅडम असतील आणि मला घेणार नाहीत, हे मला माहीत आहे, त्यांनाही माहीत आहे. पण मुलाखतीत पहिला प्रश्न नावाचा असतो. तो त्यांना विचारावा लागेल. मी सांगीन. सावकाश, पूर्ण, मान सरळ ठेवून.

नाही घेतलं, तर पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करीन. त्यांना पुन्हा विचारावं लागेल.